काट्या मारुतीचं वळण

"अहो, त्या धोंड्यावर कसली खूण करताय?"

मी दुकानातून हाक मारली तसा ओट्याखाली उकिडवा बसलेला माणूस दचकला आणि हातातल्या ब्रशचा लाल रंग त्याच्याच पँटला लागला. पोरगेलासा होता. डोक्यावर पिवळं हेल्मेट. आमच्या सराफ रस्त्यावर वरून पडून पडून काय पडणार होतं, सोन्याचा भाव? तोही कधी पडलेला मी पाहिलेला नाही.

"मी घोडके, काकू. लाइट रेलचा इंजिनियर," तो उभा राहत म्हणाला. "मार्गाची रेषा आखतोय."

"कसली रेल?"

"ट्राम समजा. स्टेशनपासून नदीपर्यंत. शहराच्या मधून जायला दोनच रस्ते आहेत, एक तुमचा आणि एक मागची कासार गल्ली. अजून काही ठरलं नाही. इथून गेली तर हा धोंडा निघेल, तुमचा ओटा जाईल आणि दुकानाचा पुढचा थोडासा भाग. फार नाही. शटर जरा आत घ्यायचं, की झालं."

झालं, म्हणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण गिऱ्हाइकांशी बोलून बोलून जिभेला एक वळण पडलेलं असतं, म्हणून गोडच बोलले. "घोडकेसाहेब, जरा वर या."

तो आला. मी एक डाळिंबी साडी त्याच्या हातात दिली आणि तीन ब्लाउजपीस समोर टाकले. "यातला या साडीवर कुठला जाईल, सांगा."

त्याने ट्यूबलाइटखाली नीट निरखून मधला उचलला. मी त्याला तसाच ओट्यावर उन्हात नेला. उन्हात बघतो तर साडी डाळिंबी आणि त्याच्या हातातला तुकडा चक्क विटकरी.

"आता कळलं ओटा कशाला लागतो?"

"कळलं," तो पडेल आवाजात म्हणाला. "पण काकू, रूळ सरळ जातात. त्यांना ओटा-बिटा कळत नाही."

पंचवीसेक वर्षं होत आली असतील या गोष्टीला. आमच्या करंजपुरात तेव्हा 'नलिनी मॅचिंग सेंटर' माहीत नाही अशी बाई नव्हती. नलिनी म्हणजे मी, नलिनी बेलसरे. रस्ताभर सराफांच्या पेढ्या, आणि त्यांच्या मधोमध, रस्ता जिथे सगळ्यात चिंचोळा होतो तिथे, माझं दुकान. दुकान कसलं, एक लांबट कपाटच. पण बाई कुठल्याही रंगाची साडी घेऊन येऊ दे, मोरपंखी, आमसुली, चिंतामणी, तिला मी रिकाम्या हाताने पाठवली नाही. सासऱ्यांनी ते बंद पाडायच्या बेताला आणलं होतं, मी उभं केलं. लग्नात मिळालेल्या पाटल्या त्यात घातल्या. आमचे हे वीजमंडळात होते, पण घर चालायचं ते दुकानावर, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि त्यांच्या आईलाही, म्हणूनच त्या माझ्याशी जपून बोलत. तेव्हा ओटा गेला की माझं काय जाणार होतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ट्यूबलाइटखाली मॅचिंग करून घरी गेलेली बाई दुसऱ्या दिवशी भांडायला येते आणि तिसऱ्या दिवशी येतच नाही.

त्याच आठवड्यात महामुनीशेठनी आपल्या पेढीत सभा बोलावली.

विनायकशेठ महामुनी म्हणजे आमच्या रस्त्याच्या व्यापारी संघाचे अध्यक्ष. माझ्या दुकानाच्या बरोबर समोर त्यांची तीन मजली पेढी. पांढरा शुभ्र सदरा, कपाळाला गंध, आणि बोलणं असं की साखर स्वस्त वाटावी. सभेत प्रत्येकाने उठून ट्रामची स्तुती केली. शहराचा कायापालट होईल, मुंबई-पुण्याच्या तोंडात मारेल, पुढच्या पिढ्या नाव काढतील, असं सगळं बोलून झाल्यावर प्रत्येकजण शेवटी एकच वाक्य बोलत होता, की ती कासार गल्लीतून जावी. तिकडे कासारांनीही त्याच दिवशी सभा घेतली होती. तिथेही ट्रामची हीच स्तुती आणि ती सराफ रस्त्याने जावी असा एकमुखी ठराव. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा आला, 'लाइट रेलचे दोन्ही रस्त्यांकडून उत्स्फूर्त स्वागत'.

"आपला रस्ता त्यांच्यापेक्षा हातभर रुंद आहे, हीच मेख आहे," आमच्या सभेत शेठ म्हणाले. "इंजिनियर लोक आपल्यावरच बोट ठेवणार. आणि वर त्यांच्याकडे कालिकामाता आहे. देवळाचा कट्टा निम्म्या रस्त्यात आलाय. त्याला हात लावायची कुणाची छाती आहे? आपल्याकडे काय आहे? तीन बँका."

शेठ पेढीच्या दारातून बाहेर बघत होते. बाहेर समोर माझं दुकान, ओटा, आणि ओट्याखाली तो धोंडा. लाल खूण केलेला.

"नलूवहिनी," शेठ हळूच म्हणाले, "तो धोंडा तिथे कधीपासून आहे हो?"

"मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. त्याच्याआधीचं मला काय माहीत?"

"म्हणजे पुरातन आहे," शेठ म्हणाले.

मला हसू आलं, पण बाकी कुणी हसेना. मी म्हटलं, "शेठ, त्या धोंड्यावर मी दुकानाची फडकी वाळत घालते."

"ते आता बंद करा," शेठ म्हणाले.

दोन दिवसांनी पहाटे आम्ही जमलो. शेठनी चांदीच्या वाटीत शेंदूर आणला होता. तेल आणायचं मात्र सगळेच विसरले होते, ते मी घरून आणलं. शेंदूर कालवून झाला आणि घोडं पेंड खाऊ लागलं. हात कुणी लावायचा? एक म्हणाला, मला सोयर आहे. दुसऱ्याचा खांदा अचानक धरला. शेठ स्वतः म्हणाले, मी अध्यक्ष आहे, माझ्याकडे लोक बोट दाखवतील. देव नसलेल्या दगडाला देव करायचा, तर पाप लागतं की पुण्य, याची कुणाला खात्री नव्हती, आणि उगाच विषाची परीक्षा घ्यायला सराफ माणूस कशाला जाईल?

मला उजाडायच्या आत मोकळं व्हायचं होतं. घरी दूध यायची वेळ झाली होती. मी पदर खोचला, वाटी घेतली आणि धोंडा वरपासून खालपर्यंत माखून काढला. घोडकेची लाल खूण आत कुठे गेली ते कळलंही नाही.

"पण हा देव कोण?" मी हात पुसत विचारलं. "म्हसोबा, खंडोबा, कोण?"

"ते मागाहून ठरवू," शेठ म्हणाले. "आधी सुकू दे."

मागाहून ठरलं ते असं. कालिकामातेचा वार शुक्रवार. तेव्हा आपल्याला शुक्रवार नको. सोमवारी पेठ बंद, तो घेतला तर गर्दी कुणासाठी जमवायची? शनिवार मोकळा होता, म्हणून मारुती. शेठनी एका निवृत्त मास्तरांकडून माहात्म्य लिहून घेतलं. पूर्वी या ठिकाणी बाजाराचा काटा टांगलेला असे, आणि खोटं वजन करणाऱ्याचा हात जागच्या जागी लुळा पडे, म्हणून हा काट्या मारुती. ते छापून वाटलं आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की आपण सगळे सराफ आहोत. त्या दिवसापासून आमच्या रस्त्यावरचे दोन-चार जण समोरच्या बाजूनेच जाऊ लागले.

व्यापारी संघाने आयुक्तांना निवेदन दिलं. पुरातन जागृत देवस्थान, भाविकांच्या भावना, वगैरे. आता हे प्रकरण तिथेच थांबायला हवं होतं. ट्राम अडली, ओटा वाचला, सगळे आपापल्या घरी. मला एवढंच हवं होतं.

पण लोकांना देव हवा होता, त्याला मी काय करणार? एक बाई माझ्याकडे अस्तर घ्यायला आली आणि तिचं मंगळसूत्र तुटून पडलं ते तिला कळलंच नाही. ती रडत-रडत रस्ताभर शोधत फिरली, मारुतीला हात जोडले, नवस बोलली. संध्याकाळी झाडताना मला ते सापडलं. मी स्वतः तिच्या घरी नेऊन दिलं. तिने चहा दिला, माझे आभार मानले आणि शनिवारी मारुतीला चांदीचे डोळे बसवले. मला वाटलं होतं निदान एक ब्लाउजपीस तरी घेईल.

डोळे बसल्यावर मग विचारूच नका. कुणाच्या मुलीचं लग्न जमलं, कुणाचा पोरगा पास झाला, कुणाच्या भावाची बदली रद्द झाली. शनिवारी रांग चौकापर्यंत जाऊ लागली. रुईच्या माळावाले आले, नारळवाले आले. देवस्थानाचा ट्रस्ट झाला, अध्यक्ष अर्थातच महामुनीशेठ. कुठूनसा दामू गुरव पुजारी म्हणून आणला. आणि ज्या ओट्यासाठी मी हात लाल करून घेतले, त्या ओट्यावर चपलांचा ढीग पडू लागला. साडी उन्हात धरायची म्हटलं तर आधी चपला बाजूला करा, मग त्यांच्या मालकांशी भांडा.

सगळ्यात कहर केला तो आमच्या ह्यांनी. एका शनिवारी बघते तर हे उपास करून बसलेले.

"अहो, तेल आपल्याच डब्यातलं होतं," मी म्हटलं. "माझ्या पातळाला अजून डाग आहे. दाखवू?"

"तेल कुणाचं का असेना," हे डोळे मिटून म्हणाले. "बढतीचं पत्र आलंय माझ्या."

"ते तुमच्या साहेबाने दिलंय."

"साहेबाला बुद्धी कुणी दिली?"

मी खिचडी टाकली.

वर्ष उलटलं. मी ट्रामला विसरले होते. एके सकाळी दुकान उघडत होते, तर समोर घोडके. तोच, फक्त जरा पोट सुटलेला. बूट काढून, मोजे त्यात खुपसून, अनवाणी उभा होता आणि मारुतीपासून लांब राहून टेपने अंतर मोजत होता.

"काय घोडके, परत खुणा?"

"आता नाही, काकू. आता पक्कं झालं." त्याने आधी देवाला नमस्कार केला, मग मला. "तुमचाच रस्ता ठरला."

"असा कसा ठरला? इथे देव आहे ना?"

"म्हणून तर ठरला. आम्ही प्रवासी मोजले. कासार गल्लीत जातंय कोण? इकडे शनिवारी मुंगीला वाट नाही. समितीने विचारलं, एवढी माणसं जिथे येतात तिथे गाडी न्यायची नाही तर कुठे न्यायची? महामुनीसाहेबांनीही ट्रस्टच्या वतीने पाठिंब्याचं पत्र दिलं. स्थानकाला नाव पण ठरलं, काट्या मारुती."

मी रस्त्याच्या पलीकडे बघितलं. शेठ पेढीच्या दारात उभे होते, त्यांनी हात जोडून मला नमस्कार केला. त्यांचं काही चुकत नव्हतं म्हणा. देवदर्शनाला ट्रामने माणसं येणार, उतरल्याबरोबर समोर पेढी. नवस फेडायला चांदीचे डोळे, सोन्याची पानं, सगळं तिथेच.

"ठीक आहे," मी स्वतःला सावरत म्हटलं. "म्हणजे ओटा जाणार आणि पुढचा थोडा भाग. तुम्ही म्हणाला होतात ना, शटर आत घ्यायचं. घेते. अर्ध्या दुकानात करीन कसंतरी."

घोडकेने गुंडाळलेला नकाशा माझ्या गल्ल्यावर पसरला. एक पेन्सिलची रेषा होती, सरळ, माझ्या ओट्याला कापत गेलेली. ती खोडली होती. तिच्या शेजारी दुसरी शाईची रेषा होती. ती येताना सरळ यायची, धोंड्याजवळ आली की पोट फुगवल्यासारखी वळायची आणि पुढे जाऊन परत सरळ व्हायची. त्या फुगवट्याच्या पोटात एक लांबट चौकोन होता.

"हा चौकोन कसला?"

"हे तुम्ही, काकू."

मला आधी कळेचना. मग कळलं.

"सगळं दुकान?"

"जुन्या रेषेत देव मधोमध येतो. देव हलवता येत नाही. मग रूळ त्याच्या बाजूने वळवावे लागतात. वळण घ्यायचं तर जागा लागते."

"मग पलीकडून वळवा. समोरून."

"समोर महामुनींची पेढी आहे. तीन मजली. तिचं भूसंपादन परवडत नाही. तुमचं परवडतं." बिचारा खरंच ओशाळला होता. "तेव्हा तो नुसता दगड होता हो. मी सकाळी दोन मजूर लावून काढून टाकला असता. तुमचं दुकान बरंचसं राहिलं असतं."

मी दुकान बंद करून घरी गेले. भर दिवसा पहिल्यांदाच. स्वयंपाकघरात बसून रडले. चांगली मोठ्याने रडले. सासूबाई दारात आल्या आणि काही न विचारता चहा ठेवून गेल्या. रडून झाल्यावर मी ठरवलं, की खरं काय ते सांगून टाकायचं. दगड दगड ठरला की तो निघेल, रेषा सरळ होईल, अर्धं का होईना दुकान राहील. इतकं साधं होतं.

कुठल्याही सरकारी कामाला हरकती आणि सूचनांची सुनावणी असते. ती महापालिकेच्या सभागृहात झाली. सभागृह खच्चून भरलं होतं, सगळे शनिवारचेच चेहरे. वर सुनावणी अधिकारी, शेजारी घोडके. माझं नाव पुकारलं तशी मी उभी राहिले. हे माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी माझा पदर ओढला. मी सोडवून घेतला.

"साहेब, माझी हरकत अशी आहे, की तो देव नाहीच."

अधिकाऱ्यांनी कागदावरून मान वर केली.

"तो माझ्या ओट्याखालचा धोंडा आहे. त्यावर मी फडकी वाळत घालत होते. ट्राम अडवायची म्हणून व्यापारी संघाने त्याला शेंदूर लावायचं ठरवलं. महामुनीशेठच्या पेढीत ठरलं. विचारा त्यांना."

अधिकाऱ्यांनी शेठकडे बघितलं. शेठ उठले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळहळले.

"साहेब, वहिनींचं दुकान जातंय. माणूस अशा वेळी काहीही बोलतो. आम्ही मनावर घेत नाही. वहिनी, शेंदूर आम्ही लावला म्हणता, तर कुणी लावला? नाव सांगा."

मी वाटच बघत होते. "मी लावला. या हातांनी. तुमच्या चांदीच्या वाटीतला. तुम्ही सगळे बाजूला उभे होतात."

मला वाटलं होतं, आता संपलं. यापुढे कुणाकडे काय बोलायला असणार? तर मागच्या रांगेत कुजबूज सुरू झाली, ती वाढत पुढे आली. दामू गुरव उभा राहिला. अंगावर उपरणं, आवाज खणखणीत.

"साहेब, बोलू का? मारुती हा बालब्रह्मचारी. त्याला बाईमाणसाचा हात चालत नाही. बायका चौथरा चढत नाहीत, लांबून दर्शन घेतात, हे इथे पोराटोरांना माहीत आहे. बाईंनी शेंदूर लावला असता, तर देव जागृत राहिला असता का? मंगळसूत्रं सापडली असती का? देव जागृत आहे हे अख्खं करंजपूर सांगेल. म्हणजे बाईंनी हात लावलेला नाही. बाई खोटं बोलतात असं मी म्हणत नाही, त्यांचा गैरसमज झाला असेल."

"अरे, तेव्हा तो मारुती ठरला नव्हता," मी म्हणाले. "शनिवार मोकळा होता म्हणून मारुती ठरला."

माझ्या या बोलण्यावर जो हशा पिकला, तो अजून माझ्या कानात आहे. अधिकारीसुद्धा मिशीतल्या मिशीत हसले.

"तुमच्या बाजूने कुणी साक्षीदार?" त्यांनी विचारलं.

मी ह्यांच्याकडे बघितलं. माझ्या पातळावरचा डाग ह्यांनी बघितला होता. त्या सकाळी माझे लाल हात बघून ह्यांनीच बादलीत पाणी ओतून दिलं होतं. हे उभे राहिले. माझा जीव भांड्यात पडला.

"साहेब," हे म्हणाले, "हिचं दुकानावर फार प्रेम आहे. त्या प्रेमापोटी ती बोलली. देवाने आणि आपण, दोघांनी माफ करावं."

आणि खाली बसले. नंतर मला म्हणाले, घरात देव रागावला तर कुणाला निस्तरावं लागेल? संसार आहे आपला. मी त्यांच्याशी भांडले नाही. भांडण करायला समोर माणूस निदान आपल्या बाजूने असावा लागतो.

हरकत अमान्य झाली. पण अधिकारी सज्जन होता. तो म्हणाला, बाईंचं पुनर्वसन प्राधान्याने करा. तसं झालंही. मला महापालिकेच्या व्यापारी संकुलात गाळा मिळाला, तिसऱ्या मजल्यावर, आतल्या बाजूला. खिडकी नाही, ऊन नाही. लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. एका ब्लाउजपीससाठी तीन जिने कोण चढणार, आणि चढून आलेल्या बाईला मी डाळिंबी म्हणून काय देणार? काही दिवस मी साडी हातात घेऊन गिऱ्हाइकाबरोबर खाली रस्त्यावर उतरायची, उजेडात रंग दाखवायची आणि परत वर चढायची. मग गुडघ्यांनी काखा वर केल्या. आता मी तिथे फॉल-बिडिंग करते. फॉल लावायला रंग लागतो, पण चुकला तर तो आतल्या बाजूला असतो.

दुकान पाडलं त्या दिवशी मी गेले नाही. घोडके येऊन सांगून गेला, की फळ्या काढताना मजुरांनी आधी मारुतीला नारळ फोडला.

ट्राम सुरू झाली. छान आहे, खोटं कशाला बोलू? थंडगार, आवाज नाही. संकुल नदीच्या बाजूला, म्हणून मी रोज सकाळी तीच पकडते. सराफ रस्त्यावर आली की काट्या मारुतीपाशी तिला वळण आहे. तिथे ती अगदी बैलगाडीसारखी हळू होते, कारण वळण फार आवळ आहे. सारा डबा त्या बाजूच्या खिडक्यांकडे झुकतो आणि हात जोडतो. मी मात्र दुसऱ्या बाजूला बसते. त्या वळणावर, मी मनाशी मांडून बघितलंय, माझं आसन बरोबर गल्ल्याच्या जागी येतं. तिकीट काढून मी रोज माझ्या दुकानातून आरपार जाते.

परवा माझ्या शेजारी एक बाई बसली होती. चांगली शिकलेली वाटत होती, मांडीवर लॅपटॉपची पिशवी. वळणावर तिने हात जोडले, डोळे मिटले, मग मला कोपराने ढोसलं.

"मावशी, मारुती आला. नमस्कार नाही करत?"

"इथे माझं दुकान होतं," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. इतक्या वर्षांत कुणाला म्हटलं नव्हतं. "आपण बसलोय ना, बरोबर इथे. मॅचिंगचं."

तिला खरंच वाईट वाटलं. तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"अरेरे. पण मावशी, कुणी देवाच्या इतकं जवळ दुकान काढतं का? तुम्ही तरी आधी बघायचं ना."

पुढच्या-मागच्या दोघा-तिघांनी माना वळवल्या. सगळे माझ्याकडे बघत होते, माझे हात मांडीवर तसेच होते, आणि गाडी अजून वळणातच होती.

"हो," मी म्हटलं, "चुकलंच माझं." आणि हात जोडले.